सळई वाकते तेव्हा आत काय होतं?

नागपूरच्या हुडकेश्वर रोडला जिकडेतिकडे बांधकामं सुरू आहेत. तिथे सळईची रिंग वाकवताना नीट बघा. थोडा जोर दिला तर सळई परत सरळ होते. जास्त दिला की वाकलेलीच राहते, कारण आत लोखंडाच्या अणूंच्या रांगा एकमेकींवरून सरकलेल्या असतात.

मग संगणकावर सगळ्याच अणूंचं गणित का मांडत नाहीत? एक घन मिलिमीटर लोखंडात सुमारे ८५ वर १८ शून्यं इतके अणू असतात! कुठल्याच महासंगणकाला ते झेपणार नाही.

१९९६ साली टॅडमोर, ऑर्टिझ आणि फिलिप्स यांनी यावर ‘क्वासिकंटिन्यूअम’ पद्धत मांडली. रांगा सरकतात किंवा तडा जातो तिथे अणू न् अणू मोजायचा. बाकीचा भाग सलग पदार्थ मानून, त्याचे छोटे तुकडे पाडून, म्हणजे फायनाइट एलिमेंट पद्धतीने सोडवायचा. खरी मेख सांध्यावर आहे. दोन्ही बाजूंचा हिशेब जुळला नाही, तर प्रत्यक्षात नसलेली बलं उत्तरात शिरतात.

रेणूंसाठी अशीच दोन पातळ्यांची सांगड घालणाऱ्या कारप्लस, लेविट आणि वॉर्शेल यांना २०१३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

इंजिनिअरिंगच्या मित्रांनो, अणूंच्या गणिताचं ‘लॅम्प्स’ हे सॉफ्टवेअर मोफत आहे. काही हजार अणू साध्या लॅपटॉपवरही चालतात. या सुट्टीत करून बघाच!