देव मालक होतो, मग एआय का नाही?

केरीहून तेरेखोलला जाताना फेरीबोटीत भाच्याने विचारलं, "मामा, एआयच्या नावावर जमीन होऊ शकते?" मी वकील, त्यामुळे सुटका नव्हती.

आज तरी नाही. पण प्रश्न वेडगळही नाही.

गोव्यातला एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा काढा. कुठे नाव देवस्थानाचं, कुठे कोमुनिदादचं, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक जमिनीच्या संस्थेचं. माणूस नसूनही जमीन बाळगायची, कोर्टात जायचं, ही सोय कायद्यात आहे. अशा मालकाला विधिक व्यक्ती म्हणतात.

1887 साली डाकोरच्या देवळाच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने देवतेला विधिक व्यक्ती मानलं. 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देवतेवर आयकरही लागू होतो असं सांगितलं! 2019 च्या अयोध्या निकालात रामलल्ला विधिक व्यक्ती ठरले, जन्मभूमीची जागा मात्र नाही. म्हणजे हा दर्जा सरसकट मिळत नाही.

देवाच्या मागे दात्याने दिलेली मालमत्ता असते आणि ती सांभाळणारी जबाबदार माणसं असतात. एआयकडे स्वतःचं काय आहे? त्याने नुकसान केलं तर भरपाई कुठून वसूल करणार? मला तर भीती वाटते, त्याला 'व्यक्ती' केलं की बनवणारी कंपनी हात झटकेल.

काही निकालही माणसाकडेच बोट दाखवतात. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये 'डाबस' या एआयला पेटंटसाठी संशोधक मानायला नकार दिला. 2024 मध्ये गायक अरिजित सिंगच्या आवाजाची एआय साधनांनी होणारी नक्कल थांबवताना मुंबई उच्च न्यायालयाचा मनाई हुकूमही ती साधनं चालवणाऱ्यांवरच होता.

देवस्थान, कोमुनिदाद किंवा एआयबद्दल शंका असतील तर खाली विचारा. तुमच्या गावची उदाहरणंही सांगा.