कॅमेरा चालू होता, मग फूटेज कुठाय?

अपघात होतो, समोरचा हुज्जत घालायला लागतो आणि आपण निर्धास्त असतो, कारण काचेला डॅशकॅम आहे. मग कार्ड काढून लॅपटॉपला लावावं, तर शेवटची फाइल चार महिन्यांपूर्वीची. कॅमेऱ्याचा दिवा रोज लागत होता, स्क्रीनवर रस्ता दिसत होता, रेकॉर्डिंग मात्र केव्हाच थांबलेलं.

कनेरगाव नाका, हिंगोली, कळमनुरी, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ सुधारला, गाड्यांचा वेग वाढला आणि त्यासोबत डॅशकॅमही वाढले. वारंग्याला खिचडीसाठी थांबलेल्या गाड्यांच्या काचांवर नजर टाकली तरी कळतं. रात्री मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली, उलट्या बाजूनं अंगावर येणारी दुचाकी, हात दिसला की जागेवर थांबणारी काळीपिवळी, यांच्यामुळेच तर माणूस कॅमेरा घेतो. घेताना चौकशी सगळी कॅमेऱ्याची होते. टू-के का फोर-के, पुढचा का पुढचा-मागचा, ॲप आहे का. मेमरी कार्ड मात्र घरात पडलेलं, जुन्या मोबाइलमधून काढलेलं. बिघाडाची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते.

“स्क्रीनवर दिसतंय म्हणजे रेकॉर्ड होतंय”

लेन्समधून आलेलं चित्र स्क्रीनवर दाखवणं हे एक काम आणि तेच चित्र कार्डावर लिहिणं हे दुसरं. पहिलं चालू असताना दुसरं खुशाल बंद असू शकतं. रेकॉर्डिंगची खूण म्हणजे लुकलुकणारा लाल ठिपका किंवा पुढे सरकणारा क्लिपचा वेळ. तोही दगा देतो कधीकधी. म्हणून महिन्यातून एकदा कार्डावरची कालची फाइल उघडून पाहावी. दुसरा कुठलाही उपाय याच्याइतका खात्रीचा नाही.

कार्ड मरतं तेव्हा ते सांगून मरत नाही. कार्डातल्या कंट्रोलरला सेल लिहिण्याच्या लायकीचे राहिले नाहीत असं कळलं, की बरीच कार्डं स्वतःला ‘फक्त वाचण्यापुरतं’ करून घेतात. मग गंमत होते. जुन्या क्लिपा छान उघडतात, त्यामुळे कार्ड ठीकच वाटतं. फॉरमॅट मारलं, काम पूर्ण झाल्याचा संदेश आला आणि कार्ड काढून पुन्हा लावलं, तर सगळ्या जुन्या फायली जशाच्या तशा हजर! इथे लोक कॅमेरा बदलतात. बदलायचं असतं कार्ड.

“कार्ड काय, एकदा टाकलं की झालं”

मेमरी कार्ड टायरसारखं असतं, चालेल तसं झिजतं. त्यातल्या प्रत्येक सेलवर किती वेळा पुसून लिहिता येईल याला मर्यादा आहे. साध्या कार्डांत ती काहीशे ते दोन-तीन हजार फेऱ्यांच्या घरात असते. मोबाइलमध्ये आपण फोटो टाकतो आणि ते वर्षानुवर्षं तिथेच राहतात, त्यामुळे ही मर्यादा कधी जाणवत नाही. डॅशकॅमचं काम उलटं. तो सतत लिहितो, कार्ड भरलं की सर्वांत जुनी क्लिप पुसून पुन्हा लिहितो.

हिशेब करून पाहू. साधारण फुल एचडी कॅमेरा सेकंदाला १६ मेगाबिट, म्हणजे २ मेगाबाइट लिहितो. तासाला ७ जीबीच्या वर. ३२ जीबीचं कार्ड चार-साडेचार तासांत पूर्ण भरतं. हिंगोलीहून नांदेडला रोज जाऊन-येऊन नोकरी करणाऱ्याचं कार्ड जवळपास रोज एकदा पूर्ण पुसलं आणि लिहिलं जातं. त्याच माणसानं १२८ जीबीचं कार्ड टाकलं तर तीच फेरी चार दिवसांतून एकदा होईल. मोठं कार्ड घेण्याचं खरं कारण हे. जास्त दिवसांचं रेकॉर्डिंग साठतं हा वरचा फायदा, कार्ड जास्त टिकतं हा मुख्य.

सतत लिहिण्यासाठीच बनवलेली ‘हाय एन्ड्युरन्स’ कार्डं वेगळी मिळतात. सँडिस्कनं आपल्या हाय एन्ड्युरन्स कार्डांसाठी दिलेले आकडे पाहा: ३२ जीबीला २,५०० तास, ६४ ला ५,०००, १२८ ला १०,०००. क्षमता दुप्पट, आयुष्य दुप्पट. उलट साध्या कार्डांच्या वॉरंटीतल्या बारीक अक्षरांत अनेक कंपन्या डॅशकॅम आणि सीसीटीव्हीचा वापर सरळ वगळतात. कॅमेऱ्यात वापरून खराब झालेलं साधं कार्ड दुकानदार बदलून देत नाही, तेव्हा तो अडवणूक करत असतोच असं नाही.

कार्डावर ठळक छापलेल्या वेगाच्या आकड्यालाही भुलू नये. तो बहुधा वाचण्याचा वेग असतो, डॅशकॅमला हवा लिहिण्याचा. त्यासाठी ‘यू३’ किंवा ‘व्ही३०’ ही खूण बघायची. सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची ती हमी असते आणि फोर-के कॅमेऱ्यालाही ती पुरून उरते. ‘ए१’, ‘ए२’ ही अक्षरं मोबाइलच्या ॲपसाठी आहेत, इथे त्यांचा उपयोग नाही.

आणि बोगस कार्डं. ऑनलाइन स्वस्तात मिळालेलं ५१२ जीबीचं कार्ड आत ३२ जीबीचंच असू शकतं. कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. ते ५१२ दाखवतं, पण खरी जागा संपली की पुढचं सगळं हवेत. ‘एच२टेस्टडब्ल्यू’ किंवा ‘एफ३’ ही फुकट सॉफ्टवेअरं कार्ड पूर्ण भरून परत वाचतात आणि खरं-खोटं सांगतात. १२८ जीबीचं कार्ड कॉम्प्युटरवर ११९ दिसलं म्हणून मात्र घाबरू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या पटीत, फरक तेवढाच.

“लूप रेकॉर्डिंग आहे, कार्ड भरणारच नाही”

भरतं. डॅशकॅममध्ये धक्का ओळखणारा जी-सेन्सर असतो. जोराचा धक्का बसला की चालू क्लिपला कुलूप लागतं आणि ती लूपमध्ये पुसली जात नाही. हे अपघातासाठी. पण सेन्सर ‘हाय’वर ठेवून गावाकडच्या रस्त्याला लागलात, की प्रत्येक खड्डा आणि प्रत्येक घरासमोरचा स्पीडब्रेकर कॅमेऱ्याच्या लेखी अपघातच. कुलूपबंद क्लिपा साचत जातात, लूपला जागा उरत नाही आणि एक दिवस ‘कार्ड फुल’.

हिंगोली जिल्ह्यातच औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या परिसरात लायगो-इंडियाची, गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होते आहे. प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान हालचाल टिपण्याची तिची तयारी असेल, आणि तिथेही सगळी कसरत आहे ती नको असलेले हादरे गाळण्याची. आपल्याला एवढं काही करायचं नाही. मेनूत जाऊन जी-सेन्सर ‘लो’ करायचा आणि महिन्यातून एकदा कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचं. हवी ती क्लिप अर्थातच आधी काढून घ्यायची.

फॉरमॅटनं कार्डाचं आयुष्य कमी होतं ही भीती निराधार आहे. त्यात फार थोडं लिहिलं जातं. कॉम्प्युटरवर नको, कॅमेऱ्यातच करा, याला कारण आहे. ६४ जीबी आणि त्यापुढची कार्डं कारखान्यातून ‘एक्सफॅट’ पद्धतीनं येतात आणि काही स्वस्त कॅमेऱ्यांना फक्त ‘फॅट३२’ कळतं. कॅमेरा स्वतःला कळेल तसं फॉरमॅट करून घेतो.

“मधेच बंद पडतो, म्हणजे कॅमेरा गेला”

आधी वायर बघा. मूळ वायर तुटली म्हणून मोबाइलची पातळ वायर लावली, चार मीटरची, छताच्या कडेनं फिरवलेली, की टोकाला पोहोचेपर्यंत व्होल्टेज पडतं. कॅमेरा चालू होतो, लिहायला लागतो, बंद पडतो, पुन्हा चालू होतो. प्रत्येक वेळी एक अर्धवट फाइल तयार होते. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका बहुधा शेवटी लिहिली जाते, त्यामुळे मध्येच वीज गेली की फाइलला वजन असतं पण ती उघडत नाही. चालू कॅमेऱ्यातून कार्ड ओढून काढलं तरी हेच होतं. अशी फाइल दुरुस्त करणारी सॉफ्टवेअरं आहेत, यशाची खात्री नाही.

गाडीच्या म्युझिक सिस्टिमच्या यूएसबीला कॅमेरा जोडणं ही दुसरी चूक. तिथे करंट अपुरा मिळतो, वर काही कॅमेऱ्यांना वाटतं आपल्याला कॉम्प्युटरला जोडलंय. ते पेन ड्राइव्हच्या भूमिकेत जातात आणि रेकॉर्डिंगच करत नाहीत. लायटरच्या सॉकेटमधला कॅमेऱ्यासोबत आलेला चार्जरच बरा.

मग ऊन. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा बेचाळिशीच्या पुढे जातो, आणि बाजार समितीबाहेर उन्हात उभ्या गाडीत काचेजवळचं तापमान साठ-सत्तर अंशांवर चढतं. कार्डं साधारण ८५ अंशांपर्यंत चालतील अशी बनवलेली असतात. आधी हार खाते ती कॅमेऱ्यातली छोटी लिथियम बॅटरी. ती फुगते, कॅमेऱ्याची पाठ उचललेली दिसते, जोड उकलतो. असा कॅमेरा दाबून बसवू नये, वापरूही नये. नवा घेताना बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असलेला घ्यावा. मराठवाड्यासाठी माझ्या मते फोर-केपेक्षा ही गोष्ट मोलाची.

ती छोटी बॅटरी कॅमेरा तासन् तास चालवण्यासाठी असते हाही गैरसमजच. गाडी बंद झाल्यावर शेवटची फाइल नीट मिटवणं आणि घड्याळ चालू ठेवणं, इतकंच तिचं काम. उभ्या गाडीवर पहारा हवा असेल तर फ्यूज बॉक्समधून वेगळी जोडणी लागते आणि तो भार गाडीच्या बॅटरीवर येतो. ४-५ वॅटचा कॅमेरा लहान गाडीची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी दीड-दोन दिवसांत निम्म्यावर आणतो. व्होल्टेज १२.२ च्या आसपास आलं की कॅमेऱ्याची वीज तोडणारं किट बसवून घ्या, नाहीतर लग्नाहून परतल्यावर धक्का मारायला चार माणसं शोधावी लागतील.

“फूटेज दाखवलं की पोलिसांपुढे, कोर्टापुढे विषय संपला”

इथे आपल्याच मराठवाड्यातल्या जालन्यानं देशाला धडा दिला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले आणि कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. वाद होता उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १४ जुलै २०२० च्या निकालानं ठरलं ते असं: मूळ उपकरणच मालकानं कोर्टात हजर केलं तर गोष्ट वेगळी, पण प्रत सादर करायची तर सोबत कायद्यानं सांगितलेलं प्रमाणपत्र हवंच.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ नुसार या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक पुरावा देणाऱ्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं, आणि त्यात फाइलची ‘हॅश’ लिहायची असते. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला आकडा. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी तो पार बदलतो.

आता आपण काय करतो? क्लिप व्हॉट्सॲपवर टाकतो. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं, म्हणजे पोहोचलेली फाइल मुळातली उरतच नाही. पाठवायचीच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, ती जशीच्या तशी जाते. मूळ कार्ड मात्र त्याच दिवशी कॅमेऱ्यातून काढून, पाकिटात घालून ठेवा आणि कॅमेऱ्यात दुसरं टाका. तेच कार्ड लावून घरी आलात तर लूप आपलं काम करत राहील. चुकून डिलीट झालेली क्लिप परत मिळू शकते, पण तिच्या जागेवर नवं काही लिहिलं गेलं नसेल तरच.

घड्याळही तपासा. जालन्यात सगळा झगडा वेळेचाच होता. कॅमेऱ्याची तारीख १ जानेवारीवर अडकली असेल तर आतली बॅटरी गेली आहे. वेळ बरोब्बर अडीच तास पुढे असेल तर कॅमेरा अजून चीनच्या वेळेवर आहे; मेनूत ५:३० निवडा. आणि जीपीएसवाला कॅमेरा घेतला असेल तर लक्षात असू द्या, समोरच्याची चूक नोंदवताना तो खालच्या कोपऱ्यात तुमचा वेगही छापत असतो.

रात्री नंबरप्लेट वाचता येत नाही ही तक्रार कॅमेऱ्याच्या बिघाडाची नव्हे. अंधारात शटर जास्त वेळ उघडं राहतं, पळती अक्षरं पुसट होतात. फोर-केनं थोडा फरक पडतो. आतून-बाहेरून पुसलेल्या काचेनं कधीकधी त्याहून जास्त, विशेषतः हळदीच्या हंगामातल्या धुळीत.

वायफाय आहे म्हणजे फूटेज आपोआप इंटरनेटवर साठतं, असंही अनेकांना वाटतं. बहुतेक कॅमेऱ्यांचं वायफाय फक्त तुमच्या मोबाइलपर्यंत पोहोचतं. त्यात इंटरनेट नसल्यामुळे मोबाइल ते सोडून देतो आणि ॲप ‘कनेक्ट’ होत नाही. मोबाइल डेटा तेवढ्यापुरता बंद केला की जोडलं जातं.

बाद झालेलं कार्ड कुणाला देऊ नका, मुलांच्या खेळण्यातही टाकू नका. त्यावर तुमच्या घराचा रस्ता असतो, आणि माइक चालू असेल तर गाडीतलं सगळं बोलणंही. वरवर फॉरमॅट केलेल्या कार्डातून ते काढता येतं. पक्कडीनं दोन तुकडे करा.