कापणी थांबवून माळ वाचत नाही

वसई-विरारच्या पूर्वेला, तुंगारेश्वरच्या पायथ्याशी भातखाचरांच्या वरच्या अंगाला वरकस जमिनी, म्हणजे गवताचे माळ आहेत. भाताच्या राबाला, म्हणजे रोपांची जागा भाजायला, गवत त्यांनीच पुरवलं आणि मुंबईच्या तबेल्यांना लागणारा सुका चाराही जुन्या ठाणे जिल्ह्याच्या अशाच माळांवरून गेला. १९४५ साली वारल्यांनी गवतकापणीच्या मजुरीसाठी संप केला, तेव्हा तो जमीनदारांच्या जिव्हारी लागला, इतका या गवतात पैसा होता. आज या माळांची जैवविविधता जपायची म्हटलं, की कुंपण घाला आणि कापणी बंद करा, हा सल्ला पुढे येतो. तो चुकीचा आहे. दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात विळा आणि गुरं दोन्ही थांबली, तर माळावर घाणेरी आणि झुडपं चढतात; उघड्या गवतात घरटं करणाऱ्या चंडोलाला मग तिथे जागा उरत नाही.

माळ नांगरून खत घाला आणि संकरित गवत लावा, हा उलट टोकाचा सल्लाही तितकाच घातक. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड इथे १८५६पासून एकाच कुरणावर प्रयोग चालू आहे. तिथे खत न दिलेल्या तुकड्यांत चाळीसच्या आसपास वनस्पती टिकल्या. अमोनियम सल्फेटचा मारा झालेल्या काही तुकड्यांत गवत भरघोस आलं, पण जाती दोन-तीनच उरल्या. म्हणून संकरित नेपियर लावायचा तो तबेल्याशेजारी, शेणपाणी मिळणाऱ्या आणि आधीच नांगरलेल्या जमिनीत. माळ नांगरायचा नाही.

खरी अडचण कापणीच्या वेळेची. कुसळी गवताची कुसळं गुरांच्या तोंडात रुततात, बी धरल्यावर गवतातली प्रथिनंही घटतात. त्यामुळे तबेलेवाल्याला ते लवकर कापलेलं हवं असतं आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. पण माळावरची कित्येक गवतं एकाच हंगामाची. बी जमिनीवर पडलं नाही, तर पुढच्या पावसात ती उगवणार कुठून? दरवर्षी माळाचा चौथा हिस्सा आळीपाळीने बी झडेपर्यंत राखावा. त्या तुकड्यातलं उशिराचं गवत निकस असेल, पण दुभत्या म्हशीचं दूध खुराक आणि हिरव्या चाऱ्यावर उभं असतं. सुकं गवत तिला रवंथापुरतं लागतं.

एवढं करूनही गवताचा भाव जमिनीच्या भावाला हरवणार नाही, हा आक्षेप मला खोडता येत नाही. म्हणूनच हे काम एकट्या शेतकऱ्यावर टाकू नये. महापालिकेने विकास आराखड्यात या जमिनींवर ‘पडीक’ असा शिक्का न मारता ‘गवताळ’ अशी स्वतंत्र नोंद करावी आणि वृक्षारोपणाच्या मोहिमेतूनही त्या वगळाव्यात.