दुगुण दुगुणच राहिली पाहिजे

चैत्र आला की जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात यात्रांचे दिवस सुरू होतात. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची मंडळी सुपारी द्यायला तिथे गर्दी करतात. विठाबाई नारायणगावकरांचा हा मुलूख. इथल्या माणसाला लय कानानेच कळते.

भीमाशंकर साखर कारखान्याच्या पारगावात माझा भाचा यात्रेतल्या नाचासाठी संगणकावर गाणे बसवत होता. सुरुवात मिनिटाला ८० मात्रा, मध्ये १२०, शेवटी १६०. म्हणजे चोख दुगुण. ढोलकी त्याच्या आजोबांची, नानांची. मुली म्हणाल्या, ‘‘दादा, गाणं रेंगाळतंय.’’ त्याने प्रत्येक टप्प्यात १० मिळवले. झाले ९०, १३०, १७०.

नाना ओट्यावरून म्हणाले, ‘‘आरं, सुरुवातीलाच पळाया लागलं, मग शेवटाला चढणार काय?’’

हिशेब केला तर नाना बरोबर! ८० चे ९० म्हणजे साडेबारा टक्के वाढ. १६० चे १७० म्हणजे जेमतेम सव्वासहा. दुगुण मोडली होती. लय बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते. दहा टक्केच हवे असतील तर ८८, १३२, १७६. काही प्रोग्रॅममध्ये सगळे टप्पे एकदम निवडून टक्क्यांनी वाढवता येतात. ती सोय नसेल तिथे कागद-पेन्सिल.

भाच्याने तेही केले. कीबोर्डवर वाजवलेले सूर निमूटपणे सरकले, कारण संगणक त्यांची जागा मात्रांत लिहून ठेवतो. अडले ते ध्वनिमुद्रित ढोलकीपाशी. जुन्या ग्रामोफोनची चावी उतरली की गाणाऱ्या बाईचा आवाज बुवांसारखा व्हायचा, आठवते? वेग बदलला की सूरही बदलतो. सुमारे ६ टक्के वेग वाढला तर काळी एकचे गाणे पांढरी दोनमध्ये जाते. आजचा संगणक सूर जागेवर ठेवून वेळ आक्रसतो खरा, पण त्यात थापेची धार बोथट होऊ शकते. इथे झालीच. अशा वेळी पुन्हा वाजवावे, हे माझे मत.

नानांनी ढोलकी मांडीवर घेतली, १७६ ला दोन आवर्तने केली आणि थांबले. ‘‘हात न्हाई चालत आता. एकशेसत्तरला बसव.’’

भाच्याने मागचे टप्पे त्याच प्रमाणात उतरवले : ८५, साडेएकशेसत्तावीस, १७०. अर्धी मात्रा संगणकाने मुकाट्याने घेतली.