आंत्र उपमार्ग शस्त्रक्रिया आणि पचन तंत्रातील हॉर्मोने

अतिस्थूलता कमी करण्यासाठी लघ्वांत्राचा (लहान आतड्याचा) बराचसा भाग अन्नमार्गातून वगळणाऱ्या शस्त्रक्रियेस आंत्र उपमार्ग शस्त्रक्रिया म्हणतात. अन्नाच्या शोषणाचे क्षेत्र घटवावे, एवढाच तिचा मूळ हेतू होता. प्रत्यक्षात मात्र तीमुळे आतड्यातून स्रवणाऱ्या हॉर्मोनांचा समतोलही बदलतो, असे आढळून आले.

लघ्वांत्राचे ग्रहणी, रिक्तांत्र व शेषांत्र असे क्रमाने तीन भाग पडतात. त्यांच्या अंतःस्तरात हॉर्मोने निर्माण करणाऱ्या कोशिका विखुरलेल्या असतात. १९०२ मध्ये बेलिस व स्टार्लिंग या इंग्रज शरीरक्रियावैज्ञानिकांनी ग्रहणीतील सिक्रेटीन हे हॉर्मोन शोधून काढले आणि आतडे हे केवळ पचनाचे नव्हे, तर अंतःस्रावी इंद्रियही आहे, हे दाखवून दिले. हॉर्मोननिर्मितीच्या बाबतीत आतड्याच्या भागांत फरक असतो. इन्शुलिनाच्या स्रवणास चालना देणारे जीआयपी हे हॉर्मोन मुख्यत्वे ग्रहणी व रिक्तांत्र यांत तयार होते, तर जीएलपी-१ व पीवायवाय ही हॉर्मोने निर्माण करणाऱ्या एल कोशिका शेषांत्र व बृहदांत्र यांत अधिक असतात.

अमेरिकेत क्रेमेन, लिनर व नेल्सन यांनी १९५४ मध्ये आंत्र उपमार्गाविषयीचे कार्य प्रसिद्ध केले. पेन व डीविंड यांनी १९६९ मध्ये वर्णिलेल्या पद्धतीत रिक्तांत्राचे आरंभीचे सु. ३५ सेंमी. शेषांत्राच्या अखेरच्या सु. १० सेंमी. भागास जोडीत. मधले आतडे काढून न टाकता शरीरातच ठेवले जाई. मात्र अन्न त्यातून जात नसे. वजन पुष्कळ घटे, परंतु त्याची किंमत जबर होती. सतत अतिसार, लवणांचा व जीवनसत्त्वांचा ऱ्हास, ऑक्झॅलेटयुक्त मूत्राश्मरी (मुतखडे), संधिशोथ व क्वचित प्राणघातक ठरणारी यकृतविकृती हे उपद्रव उद्भवत. त्यामुळे १९८० च्या सुमारास ही पद्धती मागे पडली.

या रुग्णांच्या अभ्यासातून दोन अनपेक्षित गोष्टी निदर्शनास आल्या. एक म्हणजे, त्यांचे वजन केवळ शोषण घटल्याने नव्हे, तर आहारच कमी झाल्यानेही उतरत होते. दुसरी म्हणजे, जेवणानंतर त्यांच्या रक्तातील एंटेरोग्लुकॅगॉन व न्यूरोटेन्सीन यांचे प्रमाण पुष्कळ वाढे, तर जीआयपीचे प्रमाण घटे. याचे कारण उघड आहे. एरवी बहुतेक पोषकद्रव्ये वरच्या आतड्यातच शोषली जातात. उपमार्गानंतर ती अर्धवट पचलेल्या स्थितीत शेषांत्रात पोहोचतात व तेथील कोशिकांना तीव्र चेतना मिळते.

जीएलपी-१ चा शोध १९८० नंतरच्या दशकात लागला. एंटेरोग्लुकॅगॉन व जीएलपी-१ एकाच पूर्वगामी प्रथिनापासून बनतात, हेही त्यानंतर स्पष्ट झाले. जीएलपी-१ मुळे रक्तातील ग्लुकोज वाढलेले असताना अग्निपिंडातून (स्वादुपिंडातून) इन्शुलिनाचे स्रवण वाढते, जठर रिकामे होण्याची गती मंदावते आणि मेंदूतील केंद्रांवर परिणाम होऊन तृप्ती लवकर वाटते. पीवायवायही भूक कमी करते.

मेसन व इटो यांनी १९६६ पासून विकसित केलेल्या जठर उपमार्ग शस्त्रक्रियेच्या आजच्या स्वरूपात जठराचा लहानसा कप्पा रिक्तांत्रास जोडतात. तीनंतरही जेवणोत्तर जीएलपी-१ व पीवायवाय यांची पातळी अनेक पटींनी वाढते. मधुमेही रुग्णांच्या रक्तशर्करेत सुधारणा बहुधा वजन फारसे उतरण्यापूर्वीच, काही दिवसांत दिसू लागते. आहारातील तात्काळ घट हेही तिचे एक कारण असते. जठरातून स्रवणाऱ्या घ्रेलीन या क्षुधावर्धक हॉर्मोनाविषयीचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. पित्ताम्ले व आतड्यातील सूक्ष्मजंतू यांतही बदल होत असल्याने सर्व परिणाम एकाच हॉर्मोनास लावता येत नाहीत.

हा बदल सर्वस्वी हितकर असतो असे नाही. काही रुग्णांत जेवणानंतर इन्शुलिन प्रमाणाबाहेर स्रवून रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरते. काहींत मधुमेह कालांतराने पुन्हा उद्भवतो. पोषणावर व रक्तावर आयुष्यभर लक्ष ठेवावे लागते.

जीएलपी-१ सारखे कार्य करणारी औषधे २००५ पासून मधुमेहावर आणि पुढे स्थूलतेवरही वापरात आली. शस्त्रक्रियेने घडणाऱ्या हॉर्मोन-बदलाचा काही अंश त्यांमुळे आतड्याची रचना न बदलता साधता येतो. मूळ आंत्र उपमार्ग उपचार म्हणून त्याज्य ठरला. तथापि आतड्याच्या अंतःस्रावी कार्याच्या आकलनास त्याचा मोठा हातभार लागला.