भट्टीच्या राखेतले शिसे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

शहरी कचरा जाळणाऱ्या भट्टीतून दोन तऱ्हेची राख निघते: तळाशी उरणारी जाडीभरडी आणि धुराबरोबर वर जाऊन गाळणीत अडकणारी बारीक, उडती राख. कचऱ्याबरोबर त्यातले विषही जळते, असे मानले जाते. सेंद्रिय विषांबाबत ते बऱ्याच अंशी खरे आहे. शिसे आणि कॅडमियम मात्र मूलद्रव्ये आहेत, ती जळून नाहीशी होत नाहीत. कचऱ्यातल्या क्लोरीनशी संयोग पावून ती वाफेच्या रूपात उडतात आणि धूर निवताना बारीक कणांवर बसतात. त्यामुळे वजनाने थोडी असलेली उडती राखच अधिक घातक ठरते.

रासायनिक स्थिरीकरणाने हे धातू राखेतून काढले जातात, हाही गैरसमजच. शिसे राहते तेवढेच, बदलते फक्त त्याचे रूप. राखेत पाणी आणि विद्राव्य फॉस्फेट कालवले की शिसे, फॉस्फेट व राखेतलेच क्लोराइड मिळून पायरोमॉर्फाइट बनते. निसर्गातही आढळणारे हे खनिज पाण्यात जवळजवळ विरघळत नाही.

सर्वांत चिवट समज चुन्याचा: राख जितकी अल्कधर्मी, तितके धातू पक्के बांधलेले. कॅडमियमपुरते ते ढोबळमानाने चालते. शिसे मात्र उभयधर्मी आहे. आम्लात विरघळते तसे तीव्र अल्कातही. सामू 9-10 च्या आसपास ते सर्वांत कमी सुटते, 12 च्या वर पुन्हा सुटू लागते. धुरातले आम्लवायू शोषण्यासाठी फवारलेला चुना राखेत उरतोच, त्यात आणखी चुना घालणे म्हणजे शिशाला वाट करून देणे.

एकच रसायन सर्व धातूंना पुरत नाही. षट्संयुजी क्रोमियमचे आधी फेरस सल्फेटने त्रिसंयुजी रूपात क्षपण करावे लागते. आर्सेनिकच्या बाबतीत तर फॉस्फेट उलटते: आर्सेनेटची जागा बळकावून ते त्याला मोकळे करू शकते.

चाचणीत उतरलेली राख निर्धोक, हे गृहीतही तपासून घ्यावे लागते. अमेरिकी टीसीएलपी चाचणीत राख वजनाच्या 20 पट ॲसेटिक आम्लाच्या द्रावणात सुमारे 18 तास घुसळतात. द्रावणातल्या शिशाची मर्यादा लिटरला 5 मिलिग्रॅम. राखेतला चुना आम्ल खाऊन टाकतो, सामू नेमका 9-10 वर येऊन थांबू शकतो, आणि प्रक्रिया न केलेली राखही उत्तीर्ण होते. तीच राख साध्या पाण्यात घुसळली की सामू 12 च्या वर जातो व शिसे बाहेर पडते. जपानच्या अधिकृत चाचणीत आम्ल नसते: 10 पट पाणी आणि 6 तास.