साखरेचा दाणा आणि चांदीचा कण

माढ्याकडच्या मुलांना साखर कारखाना काही नवीन नाही. पिंपळनेरचा विठ्ठलराव शिंदे कारखाना निदान गेटबाहेरून तरी सगळ्यांनी पाहिलेला असतो. आत पॅनमध्ये पाक आटवताना आधी साखरेच्या बारीक कणांचं 'बी' सोडतात, मग बेताबेताने पाक देतात. साखर त्या बियांवर बसते आणि दाणे सारखे वाढतात. पाक एकदम फार घट्ट झाला, की मध्येच नवे बारीक दाणे पडतात आणि माल लहान-मोठा निघतो.

नॅनो-चांदीचं तंत्रही हेच आहे. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणातून चांदी मोकळी करायला सोडियम बोरोहायड्राइड वापरलं, तर क्रिया झटपट होते. एकाच वेळी असंख्य बीजं तयार होतात, चांदी सगळ्यांत वाटली जाते आणि कण लहान राहतात. मोठे कण हवे असतील तर याच बीजांवर सौम्य रसायनाने हळूहळू चांदी चढवायची. नवी बीजं पडू द्यायची नाहीत, बस्स! कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून सायट्रेट किंवा पीव्हीपी घालतात.

पण इतका बारीक कण मोजायचा कसा? इथे रंग मदतीला येतो. चांदीतले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर झोपाळ्यासारखे झुलतात. ठेका जुळला की प्रकाश जोरात शोषला जातो. १० ते २० नॅनोमीटरच्या गोल कणांचा ठेका ४०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे जांभळ्या प्रकाशाशी जुळतो. तो गेला की पाणी हळदीसारखं पिवळं दिसतं! कण १०० नॅनोमीटरचे झाले की आलेखाचं शिखर ५०० कडे सरकतं आणि पसरट होतं. शिखर अरुंद असेल तर कण बहुधा सारखे आहेत असं समजावं. पक्की खात्री मात्र इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच देतो.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री यांच्या गटाने २००४ मध्ये कडुलिंबाच्या पाल्याच्या काढ्यातून चांदीचे नॅनोकण बनवून दाखवले. त्याच वर्षी गवती चहाच्या अर्कातून त्यांना सोन्याचे त्रिकोणी कण मिळाले. म्हणजे पाला तर आपल्या बांधावरचाच आहे! प्रश्न उरतो तो कण सारखे आणण्याचा.

सरांच्या परवानगीने लॅबमध्ये करून बघा. हातमोजे मात्र घाला, सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग कातडीवरून लवकर जात नाहीत. आणि उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका. चांदी पाण्यातल्या उपयोगी जिवाणूंनाही मारते.